भरवशाचा प्लंबर मिळतो कुठे, आणि मिळाला तर ओळखायचा कसा?

ओलीभिंत

आयडीवरून कळलंच असेल दुखणं काय आहे ते. बाथरूमची मागची भिंत म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीची भिंत. गेले ७ महिने तिथे ओल आहे. आधी तळहाताएवढा डाग होता, आता पोपडे धरून ओल कपाटामागे पोचली आहे.

आतापर्यंत ३ प्लंबर झाले. पहिल्याने टाइल्सवर बोटाने टकटक केलं आणि निदान केलं, "पाईप सडलाय, लाईन बदलावी लागेल." अॅडव्हान्स घेतला, ९ टाइल्स फोडल्या, पाईपचा एक तुकडा बदलला आणि दुसऱ्या कामावर गेला. ११ दिवस बाथरूमला भगदाड. ओल महिन्याभरात परत हजर. दुसऱ्याने टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं. तिसरा म्हणाला, "वरच्यांकडून येतंय." आमच्या वर कोणी राहत नाही, गच्ची आहे. आणि हे ऐन उन्हाळ्यात! व्हिजिटचे पैसे मात्र मोजून घेतले.

चौथा बोलवायची हिंमत होत नाहीये. तुम्ही माणूस कसा निवडता? काय विचारता? पैसे कसे ठरवता?

भटक्या

उत्तर मिळालं तर मलाही कळवा. आमचा भरवशाचा आहे, फक्त फोन उचलत नाही. उचलला तर "निघालोच" म्हणतो. गेल्या मंगळवारी निघालाय, अजून वाटेत आहे.

अवांतर: प्लंबर हा शब्द लॅटिनमधल्या 'प्लंबम' म्हणजे शिसं यावरून आला. रोमन लोक शिशाचे नळ टाकत. शिशाची रासायनिक संज्ञा 'पीबी' तीही तिथलीच. आमच्याकडे या जड धातूचा अंश उरलाय तो फक्त प्लंबरच्या पायात.

चौथामजला

@ओलीभिंत, चौथा बोलवू नका एवढ्यात. आधी ओल कुठल्या जातीची आहे ते बघा.

पाणी भिंतीत साधारण ३ वाटांनी शिरतं. नळाला येणाऱ्या लाईनमध्ये दाब चोवीस तास असतो, म्हणून ती फुटली तर डाग रात्रंदिवस ओला राहतो, तुम्ही पाणी वापरा की वापरू नका. सांडपाण्याचा पाईप किंवा जाळीखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी) गळत असेल तर वापर झाला की डाग वाढतो, नंतर ओसरतो. तिसरी वाट वरवरची : फरशीचे सांधे, कोपरे, भिंतीतल्या भोकांभोवतीच्या फटी.

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, ओल रोज वाढल्यासारखीच वाटते. मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा टिपा, सकाळी पाणी वापरायच्या आधी पुन्हा बघा. आकडा हलला तर लाईनवर संशय. फरशीसाठी जाळीचं तोंड घट्ट बंद करून दोन बोटं पाणी २४ तास तुंबवून ठेवा.

एवढं केलंत तर "वरच्यांकडून येतंय" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवता येईल.

टिचकी

कशाला प्लंबरच्या नादी लागता? निम्मी कामं घरी होतात. फ्लशची टाकी गळते का बघायचं तर टाकीत खाण्याचा रंग टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं, दहा मिनिटांचं काम. नळ ठिबकत असेल तर वायसर बदला. एका दांडीचा मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र देणारा नळ) असेल तर आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा भाग, बदला. आणि सिंक तुंबलं तर अॅसिड ओता, मोकळं. मी १० वर्षांत प्लंबरला घरात येऊ दिलेलं नाही.

सांजवात

मी एकटी राहते, त्यामुळे माझी चाळणी थोडी वेगळी आहे. दारात उभं राहून "घरात कोणी जेंट्स आहेत का?" विचारणारा माझ्याकडून तिथूनच परत जातो. नळ माझा, पैसे माझे, जेंट्स कशाला हवेत?

नव्या माणसाला मी कधीच मोठं काम देत नाही. आधी एखादा अँगल कॉक (भिंतीतून बाहेर येणाऱ्या लाईनवरचा छोटा कॉक) बदलायला बोलवते आणि शेजारी उभी राहून बघते. सध्या जे येतात त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं सांगू? आधी विचारलं, "ताई, मेन कॉक कुठे आहे?" तो बंद केला, नळ उघडून लाईन रिकामी केली, खाली बादली ठेवली. पान्याच्या दातांनी नळाचा मुलामा खरवडू नये म्हणून नळाला फडकं गुंडाळलं आणि मग पाना लावला. काम झाल्यावर जोडाभोवती कोरडा कागद फिरवून मला दाखवला, कुठे ओला होतोय का म्हणून. तो कागद बघितला आणि मी नंबर सेव्ह केला.

जुना काढलेला भाग मी परत मागून घेते. "तो काय करायचाय तुम्हाला?" असं म्हटलं की मला काय ते कळतं.

भटक्या

कागदाची ट्रिक भारी. +१.

पाऊणइंची

मी प्लंबर आहे. २२ वर्षं हेच काम. इथे वाचतो जास्त, लिहितो कमी, पण आज राहवलं नाही.

आधी टिचकी यांना हात जोडून. अॅसिड ओतून सिंक मोकळं झालं नाही की मग आम्हाला बोलावतात, आणि ओतलंय हे सांगत नाहीत. आम्ही ट्रॅप उघडतो आणि ते हातावर, डोळ्यांत येतं. त्यावर कोणी ब्लीच ओतलेलं असेल तर क्लोरीन वायू निघतो. ओतलं असेल तर निदान तोंडाने सांगा. सांगितलंत तर आम्ही भांडत नाही.

आता मूळ प्रश्न. चांगला प्लंबर पिशवी उघडायच्या आधी ओळखता येतो. तो विचारतो : कधीपासून आहे, गरम पाण्याच्या बाजूला की गार, वापरलं की वाढतं का, आधी कोणी हात लावलाय, पाईप कशाचा आहे. ओलीभिंत ताईंच्या पहिल्या माणसाने काहीच न विचारता "सडलाय" म्हटलं. ताई, तुमचा पाईप कशाचा आहे? लोखंडी असेल तर गंजतो, सडतो, मान्य. प्लास्टिकचा असेल तर तो सडत नाही. जोड सुटतो, आटे चिरतात, खिळा घुसतो. काढलेला तुकडा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

एक कडू गोष्ट सांगतो. लोक फोडल्याचे पैसे देतात, शोधल्याचे देत नाहीत. मी दोन तास एकेक कॉक बंद करून, डमी (पाईपचं तोंड बंद करणारं बूच) लावून, थांबून गळती शोधली आणि शेवटी एक जोड आवळला, तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंसं तर काम केलंत!" तेच मी ९ टाइल्स फोडल्या, धूळ उडवली, संध्याकाळपर्यंत छिन्नी चालवली की कोणी घासाघीस करत नाही. मग पोरं काय शिकणार? छिन्नीच चालवायला शिकणार. तुम्ही फोनवरच सांगा की शोधायचे पैसे वेगळे देतो, गळती सापडेपर्यंत काही फोडायचं नाही. ज्याला शोधता येतं तो हो म्हणेल. ज्याला येत नाही तो म्हणेल, "फोडल्याशिवाय कळत नाही."

उक्तं की रोजावर हा वाद नेहमीचा. दोष माहीत नसलेली दुरुस्ती उक्ती देऊ नका, कारण प्लंबर एकतर घाबरून आकडा फुगवतो किंवा अंगाशी आलं की अर्धवट सोडून पळतो. दोष सापडला की मग काय काय करायचं ते लिहून उक्तं ठरवा, आणि टाइल बसवून देणं कोणाकडे हेही त्यातच लिहा. प्लंबर म्हणतो ते गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही, आणि मधे भगदाड राहतं.

नवीन लाईन असेल तर भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट घ्या. हातपंप लावून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा आणि काटा उतरतो का बघायचं. जोड चिकटवल्यावर लगेच नाही हां, सॉलव्हंट वाळायला किती वेळ द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. टेस्टचं नाव काढल्यावर जो "आमच्या हातचं कधी गळत नाही" म्हणेल, त्याच्या हातचं गळतं.

मालाचं पण बोलून टाकतो. दुकानदार आम्हाला कमिशन देतो, हे खोटं नाही. खुपत असेल तर यादी आमच्याकडून घ्या आणि माल स्वतः आणा. पण यादीत लिहिलेलाच आणा. अर्धा इंची म्हटल्यावर पाऊण इंची एल्बो (काटकोनी जोड) आणून "बसतो का बघा ना" म्हणू नका. गरम पाण्याच्या प्लास्टिक पाईपला त्याचाच सॉलव्हंट लागतो, गार पाण्याच्या पाईपचा चालत नाही.

आणि काम नको म्हणणारा प्लंबर भेटला तर त्याला सोडू नका. परवा एकांना मोठा, छत्रीएवढा शॉवर बसवून हवा होता. टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम ३ मीटर वर. म्हणजे दाब ०.३ बार. १० मीटर उंची असेल तेव्हा कुठे १ बार मिळतो. मी म्हटलं, पाणी दाढीसारखं ओघळेल, घेऊ नका. त्यांनी दुसऱ्याकडून बसवून घेतला. ओघळतोय.

टिचकी

@पाऊणइंची, अॅसिडचं मान्य. परत नाही ओतणार. बाकी मुद्दे पण पटले, फक्त छत्रीएवढा शॉवर घेणारा मी नव्हे.

कोनाडा

धाग्यात घुसखोरी करतोय, माफ करा. महिनाभर घर बंद होतं, आता बाथरूमभर गटाराचा वास आहे. दोघा प्लंबरांनी दोन मोठी कामं सांगितली.

पाऊणइंची

जाळीत दोन बादल्या पाणी ओता. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटरच्या आसपास पाणी कायम उभं असतं, तेच वास अडवतं. महिनाभरात आटलं असणार. ओतूनही दोन दिवसांत वास परत आला तर मात्र ट्रॅप फुटलाय किंवा हवेचा पाईप नाही, तेव्हा बोलवा.

कोनाडा

गेला वास!! दोन बादल्या!

जुनीवही

कोनाडा, त्या वाकड्या नळीचं पेटंट अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली घेतलं. अडीचशे वर्षं जगाच्या नाकाची राखण नुसतं ओंजळभर पाणी करतंय.

मी निवृत्त माणूस, वेळच वेळ. घराच्या पाण्याची एक वही ठेवली आहे. कुठला कॉक काय बंद करतो, कुठल्या मिक्सरला ३५ मिलिमीटरचं कार्ट्रिज लागतं आणि कुठल्याला ४०, कोणी कधी काय बदललं, सगळं तीत आहे. भिंत उघडी असताना काढलेले फोटोही चिकटवले आहेत, आणि प्रत्येक फोटोत टेप आडवी धरलेली, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाईप कोपऱ्यापासून किती सेंटिमीटरवर आहे ते दिसतं. नवीन प्लंबर आला की मी ही वही पुढे करतो. जो वाचतो तो कामाचा. एकाने ती न उघडता तिच्यावर पाना ठेवला होता, डाग अजून आहे.

गीझरवाल्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझ्या मेव्हण्याकडे गीझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब थेंब पडायचे. आलेल्या प्लंबरने "लिकेज बंद केलं" म्हणून त्याच्या तोंडाला चक्क बूच मारलं, आणि घरचे खूश. अहो, पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरची टाकी २० अंशांवरून ६० वर गेली तर पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास जास्तीचं पाणी होतं. आत येणाऱ्या वाटेवर एकमार्गी व्हॉल्व असेल तर ते जाणार कुठे? ते थेंब म्हणजेच त्याची वाट. थर्मोस्टॅट अडकला असता तर ते बूच नसून बॉम्बची वात ठरलं असतं. तापताना थोडं टपकणं ठीक, गार असतानाही सारखं वाहत असेल तर व्हॉल्व बदला. बूच कधीच नाही.

सांजवात

बापरे. माझाही टपकतो आणि मी तक्रार करणारच होते. काका, धन्यवाद.

ओलीभिंत

सगळ्यांचं वाचून रविवारी कामाला लागले.

@पाऊणइंची दादा, पहिल्याने कापून काढलेला पाईपचा तुकडा माझ्याकडे अजून आहे, रागाने ठेवला होता. पिवळट पांढरा, प्लास्टिकचा, आतून बाहेरून स्वच्छ. सडला वगैरे काही नाही!

@चौथामजला, मीटरचा आकडा रात्रभरात हलला नाही. फरशीवर पाणी २४ तास तुंबवलं, पेन्सिलीची रेघ जिथल्या तिथे. आणि रेघा मारताना आठवलं, मध्यंतरी आम्ही ८ दिवस बाहेर होतो. परत आलो तेव्हा डाग जवळजवळ सुकला होता. मी म्हटलं उन्हाने सुकला असेल. मेन कॉक तेव्हा चालूच होता.

अजून एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही. ८ महिन्यांपूर्वी बाथरूम नवीन केलं तेव्हा फोडाफोड नको म्हणून जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स चिकटवल्या.

चौथामजला

ताई, ते ८ दिवस म्हणजे पुरावा आहे! मेन कॉक चालू, म्हणजे लाईनमध्ये दाब होता. तरी डाग सुकला. दाबाची लाईन निर्दोष. फरशीही पास झाली. म्हणजे पाणी वापरतानाच, फरशीच्या वर, भिंतीतूनच कुठेतरी शिरतंय. बाथरूममधला कोणता भाग फक्त वापरतानाच पाण्याने भरतो?

पाऊणइंची

शॉवरचा. मिक्सरपासून वर शॉवरपर्यंत जाणारा पाईप एरवी रिकामा असतो, शॉवर चालू केला तरच भरतो. म्हणून मीटरवर काही दिसलं नाही.

आणि ताई, टाइलवर टाइल हे पहिल्या वाक्यात सांगायचं होतंत! शॉवरची दांडी भिंतीतल्या एल्बोत आट्यांवर बसते. वर आणखी एक टाइल आणि तिचा मसाला चढला की एल्बो तेवढा आत जातो. दांडी तीच जुनी घातली असेल तर दोन-तीन आट्यांवरच लटकत असणार. बाहेरून गोल चकती लावली की कोणाला दिसतंय?

हा माझा अंदाज आहे, मी भिंत बघितलेली नाही. जो येईल त्याला सांगा : दांडी काढा, एल्बोला डमी लावा, शॉवरची चावी उघडून तासभर ठेवा. भिंत आणखी ओली झाली नाही तर पाईप चांगला, दोष दांडीच्या आट्यात. एकही टाइल फोडायची गरज नाही. तोवर शॉवर वापरू नका, खालच्या नळावर भागवा.

भटक्या

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा धागा रहस्यकथा झालाय.

ओलीभिंत

तर, चौथा प्लंबर काल येऊन गेला.

निवडला कसा ते आधी सांगते. तिघांना फोन केले आणि तिघांना तेच वाक्य : "शोधण्याचे पैसे वेगळे देईन, सापडेपर्यंत काही फोडायचं नाही." पहिला म्हणाला, "फोडल्याशिवाय कळत नाही." (दादा, शब्दन् शब्द तोच!) दुसरा म्हणाला बघू. तिसऱ्याने विचारलं, "ओल कधी वाढते?" त्याला बोलावलं. पोरगाच आहे, पंचविशीचा असेल.

मी पाऊणइंची दादांची पद्धत सांगणार होते, पण गप्प बसले, म्हटलं बघू तरी. त्याने दोन्ही बाजूंनी भिंत बघितली, पेन्सिलीच्या तारखा वाचल्या, मग शॉवरखाली उभा राहून दांडीला हाताने हलकेच वर-खाली केलं. दांडी हलली. चकती मागे सरकवली तर आत अंधार आणि ओला चिखल. दांडी हातानेच फिरवून काढली, पाना लागलाच नाही! टोकाला दोनच आटे झिजलेले, बाकीचे कोरे करकरीत, आणि टेपचं एक चिंधूक लोंबत होतं.

मग डमी लावून तासभर थांबला. भिंत होती तशीच. एल्बोत एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा छोटा तुकडा, बसवला. आधी काडेपेटीची काडी आत घालून खोली मोजली आणि त्या मापाचाच आणला. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली, दांडी घट्ट बसवली, चकतीभोवती सिलिकॉन. हे शेवटचं काम २० मिनिटांचं. मी शोधण्याचे आणि करण्याचे असे दोन वेगळे आकडे दिले तर जरा बुजला. म्हणाला, "शोधायचे कोणी देत नाही."

पाऊणइंची

पोराला माझा नमस्कार सांगा.

रंग लगेच लावू नका. प्लास्टर आतून सुकायला आठवडे जातात, घाई केलीत तर पुन्हा पोपडे आणि पुन्हा प्लंबरला शिव्या. पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा, कपाट हातभर पुढे ओढा. रेघा मारणं चालू ठेवा.

सांजवात

ताई, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

कोनाडा

मलाही.

भटक्या

मलाही. माझा अजून निघालेलाच आहे.

ओलीभिंत

त्याला विचारून देते. पुढचे १५ दिवस वेळ नाही म्हणाला.

रेघ आज ४ बोटं आत सरकली आहे. फक्त त्या ९ टाइल्सची बोंब आहे. त्याच डिझाइनच्या मिळाल्या पण लॉट वेगळा, रंग एक छटा गडद. नळाखाली फळ्यावर पुसलेल्या चौकोनासारखं दिसतंय. रोज दात घासताना समोर तेच असतं.